केसापासून कापसापर्यंत: मायक्रॉनमध्ये मोजायचं कसं

"मॅडम, फोटो तर मस्त येऊन राहिला, पण आकडा दरवेळी वेगळाच निघून राहिला."

बी.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाचा विद्यार्थी मायक्रोस्कोपवरून मान वर करत म्हणाला. घरच्या शेतातला कापूस त्यानं दोन पिशव्यांत आणला होता, एकीत पहिल्या वेचणीचा आणि दुसरीत फरदडीचा (मुख्य वेचण्या संपल्यावरही शेतात उभ्या ठेवलेल्या पिकाचा). फरदडीचा तंतू खरंच बारीक असतो का, एवढंच त्याला पाहायचं होतं. नागपूर म्हणजे केंद्रीय कापूस संशोधन संस्थेचं गाव. आजूबाजूला कळमेश्वर, सावनेर, काटोलची शेती. असा प्रश्न इथल्या पोराला पडणं साहजिकच आहे.

पण तंतूची रुंदी १५-२० मायक्रॉन (एक मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग), म्हणजे मिलिमीटरचा पन्नासावा भाग किंवा त्याहूनही कमी. इतकं लहान मोजताना नजर, मोबाइल, द्रव, खोलीतला कूलर सगळेच त्या आकड्यात हात घालतात. म्हणून त्याला मी थेट कापसावर जाऊ दिलं नाही. आधी डोक्याचा एक केस दोन वेगवेगळ्या रीतींनी, मायक्रोस्कोपने आणि लेसरने, मोजायला लावला. दोन्ही उत्तरं जुळली तरच कापूस. तीच वाट इथे पायरीपायरीने मांडते. साहित्य कुठल्याही विज्ञान महाविद्यालयात मिळेल असं आहे: १०एक्स आणि ४०एक्स ऑब्जेक्टिव्हचा मायक्रोस्कोप, स्टेज मायक्रोमीटर, मोबाइल आणि तो आयपीसला धरणारा अडॅप्टर, लाल लेसर पॉइंटर, ग्रेटिंग (अगदी जवळजवळ समांतर रेषा असलेली काच), सोडियम लॅम्प, स्पेक्ट्रोमीटर (प्रकाश किती कोनात वळला ते मोजणारं उपकरण), स्टीलची टेप, लिक्विड पॅराफिन आणि इमेजजे हे मोफत सॉफ्टवेअर बसवलेला संगणक.

पायरी १: खोली तयार करा

हे प्रॅक्टिकल शक्यतो सकाळी सात ते दहा या वेळेत करा. नवतप्यात (मे-अखेरच्या कडक उन्हाच्या नऊ दिवसांत) दुपारी पारा ४५ च्या पुढे जातो, हवा कोरडी ठक्क होते, आणि कूलर लावला की अर्ध्या तासात खोलीतली आर्द्रता कुठल्या कुठे जाते. कापूस हवेतली ओल पितो आणि तंतू रुंदीत फुगतो, लांबीत फारसा नाही. म्हणून वस्त्रोद्योगात तपासणी २० अंश सेल्सिअस आणि ६५ टक्के आर्द्रतेला करण्याचा दंडक आहे. आपल्याकडे तशी खोली नसते. मग निदान दोन्ही पिशव्यांतले नमुने आदल्या रात्रीपासून एकाच खोलीत उघडे ठेवा आणि तापमान-आर्द्रता वहीत टिपा. दोघांवर परिणाम सारखा झाला तर तुलना वाचते.

मोजताना कूलर बंद. त्याच्या थरथरीने टेबल हलतं आणि वाऱ्याने लटकता केस डोलतो. पंखाही बंद. घाम येईल, पण लेसरची नक्षी भिंतीवर नाचत असेल तर वाचन घेण्यात अर्थ नाही.

तापमानाची भीती मात्र जागा पाहून बाळगावी. लांबीची उपकरणं २० अंशांना बरोबर असतील अशी बनवलेली असतात. ४५ अंशांत एक मीटरची स्टीलची टेप ०.२९ मिलिमीटरने वाढते, आणि पायरी ४ मधल्या आपल्या केस ते भिंत या दोन मीटरच्या अंतरात हा फरक ०.०३ टक्के, सोडून द्या. विल्यम लॅम्बटनला तो सोडता आला नाही. १८०२ मध्ये त्याने मद्रासजवळ भारताच्या त्रिकोणमितीय सर्वेक्षणाची साडेसात मैलांची पहिली आधाररेषा शंभर फुटी पोलादी साखळीने मोजली. तिथे १० अंशांचा फरक दुर्लक्षिला असता तर चूक १.४ मीटरच्या घरात गेली असती, म्हणून साखळीला सावली आणि सोबत थर्मामीटर असत. हा माणूस १८२३ मध्ये आपल्या हिंगणघाटला, कापसाच्याच गावात, मोजणीच्या कामावर असतानाच गेला. त्याची कबर तिथे आहे. मी दर वर्षी वर्गात त्याचं नाव घेते, कारण कुठली चूक धरायची आणि कुठली सोडायची हे गणित करून ठरवायचं असतं, हे त्याच्या साखळीपासून शिकवता येतं.

पायरी २: मोबाइलला मायक्रॉन शिकवा

फोटोत मायक्रॉन नसतात, पिक्सेल असतात. एका पिक्सेलमागे किती मायक्रॉन, हे आधी ठरवायला हवं. हे काम स्टेज मायक्रोमीटर करतो. ही एक काचेची स्लाइड असते, तिच्यावर एक मिलिमीटरचे शंभर भाग कोरलेले असतात, म्हणजे प्रत्येक भाग १० मायक्रॉनचा. फार नाजूक वस्तू. तिच्यावर ४०एक्स लावताना बाजूने डोळा ठेवून स्टेज वर न्या, नाहीतर लेन्स आणि स्लाइड दोन्हींवर ओरखडा.

मोबाइल अडॅप्टरमध्ये घट्ट बसवा. कॅमेऱ्याची मुख्य लेन्स निवडा, झूम एका ठिकाणी ठेवा, फोकस आणि एक्स्पोजर लॉक करा. हल्लीचे फोन जवळची वस्तू दिसली की आपणहून दुसऱ्या लेन्सवर उडी मारतात आणि चित्र "सुंदर" करण्यासाठी कडा कोरून काढतात. हे सगळं बंद. रॉ फाइलची सोय असेल तर ती वापरा, नसेल तर सर्वांत मोठ्या आकाराची जेपेग.

आता स्टेज मायक्रोमीटरचा फोटो. इमेजजेमध्ये उघडा, सरळ रेषेचं साधन घ्या आणि एका रेषेच्या डाव्या कडेपासून वीस घरं पुढच्या रेषेच्या डाव्याच कडेपर्यंत ओढा. कड ते कड, कारण कोरलेल्या रेषेला स्वतःची जाडी असते. एकच घर मोजू नका. एका घरात दोन पिक्सेल चुकलात तर तीन टक्क्यांचा फटका, वीस घरांत तेवढीच चूक ०.१५ टक्क्यावर येते. समजा वीस घरं, म्हणजे २०० मायक्रॉन, १३३३ पिक्सेल भरले. एक पिक्सेल ०.१५ मायक्रॉनचा झाला. पाच वेळा मोजा, आकडा चार-एक पिक्सेल मागेपुढे होईल. म्हणजे पट्टीतली, या स्टेज मायक्रोमीटरच्या मापातली, शंका (अनिश्चितता) ०.३ टक्के. हा आकडा पुढे लागेल. 'सेट स्केल'मध्ये माप भरा.

मग स्लाइड सरकवून तेच वीस घरांचं अंतर फोटोच्या मध्यभागी आणि काठाला मोजून पाहा. काठाला लेन्स चित्र ताणते. फरक दिसला की मधल्या एक तृतीयांश भागाबाहेर काहीही मोजायचं नाही.

एवढा बारीक पिक्सेल पुरेसा आहे का? मायक्रोस्कोपला दोन ठिपके वेगळे दिसण्याची मर्यादा असते: ०.६१ गुणिले तरंगलांबी भागिले ऑब्जेक्टिव्हचं न्यूमरिकल अपर्चर (लेन्स किती रुंद कोनातला प्रकाश घेते त्याचा आकडा). ४०एक्सवर सहसा ०.६५ छापलेलं असतं. हिरवा प्रकाश ०.५५ मायक्रॉन धरला तर उत्तर ०.५२ मायक्रॉन. या मर्यादेच्या निम्म्याहून लहान पिक्सेल हवा, म्हणजे ०.२६ पेक्षा कमी. आपला ०.१५ चा आहे, ठीक. याच्यापुढे मोबाइलचा झूम वाढवून चित्र मोठं होतं, त्यात माहितीची काहीच भर पडत नाही.

इथे माझी एक चूक सांगते, म्हणजे तुमची वाचेल. एका वर्षी पट्टीचा फोटो मी फोनमधून केबलने संगणकावर घेतला आणि तंतूंचे फोटो मुलांनी मेसेजवरून पाठवले. पाठवताना प्रत्येक फोटो लहान झाला, चार हजार पिक्सेल रुंदीचा सोळाशेवर आला. साठ तंतू मोजून झाले. सरासरी सहा मायक्रॉन. दोन दिवस मी कापसाच्या वाणालाच दोष देत होते. मग सहज एका फाइलचा आकार पाहिला आणि सगळं कळलं, साठही आकडे अडीच पटींनी लहान होते. तेव्हापासून नियम केला: फोटो केबलनेच घ्यायचा, आणि मोजण्याआधी प्रत्येक फाइलची पिक्सेल रुंदी पट्टीच्या फोटोशी ताडून पाहायची. दिवसाच्या सुरुवातीला पट्टीचा फोटो घेता तसा शेवटीही घ्या. मधे अडॅप्टर सरकला असेल तर तो शेवटचा फोटो सांगेल.

पायरी ३: केस स्लाइडवर

केस कोमट पाण्यात साबणाने धुऊन वाळवा, तेलाच्या थराने माप सहज वाढतं. एक सेंटिमीटरचा तुकडा लिक्विड पॅराफिनच्या थेंबात ठेवा, वर कव्हर स्लिप. पाणी किंवा ग्लिसरीन नको, पाण्याने केसही फुगतो आणि कापूसही.

प्रकाशाची मांडणी ही सगळ्यांत दुर्लक्षित बाब. कंडेन्सरचा (स्टेजखालच्या, प्रकाश एकवटणाऱ्या भिंगाचा) पडदा फार मिटला की चित्र ठळक दिसतं आणि डोळा सुखावतो, पण कडेला काळ्या-पांढऱ्या खोट्या रेघा उभ्या राहतात आणि कड कुठे संपते हेच कळत नाही. आयपीस काढून नळीत डोकावा, ऑब्जेक्टिव्हचं मागचं वर्तुळ सुमारे तीन चतुर्थांश उजळलेलं दिसेल इतका पडदा उघडा. मग आयपीस परत लावा.

फोकस करताना कडेला एक उजळ रेघ दिसेल. स्टेज खाली घेतलीत, म्हणजे फोकस वर सरकवलात, की ही रेघ जास्त वक्रीभवनांकाच्या बाजूला जाते. केस आणि कापूस दोघांचा वक्रीभवनांक पॅराफिनपेक्षा जास्त, म्हणून ती आत सरकते. फोकस खाली नेलात की बाहेर. या दोन्हींच्या मधे जिथे रेघ नाहीशी होते, तीच मोजण्याची जागा. ही बेकेची रेघ. एकदा दिसायला लागली की मग "मला तर आत्ता फोकस वाटतंय" हा वादच उरत नाही.

फोटो काढा. इमेजजेमध्ये केसाला काटकोनात आडवी रेघ ओढून 'प्लॉट प्रोफाइल' पाहा. बाहेरचा उजेड, कडेशी दरी, आतला करडा भाग. पार्श्वभूमी आणि दरीचा तळ यांच्या बरोबर मध्यावर आलेख जिथे छेदला जातो तिथे कड धरा, दोन्ही बाजूंना तोच नियम. हाताने अंदाजे ओढलेल्या रेषेत आपली इच्छा मिसळते, आलेखात ती मिसळायला जागा कमी.

हिशोब समजावा म्हणून उदाहरणाचे आकडे घेते. रुंदी ५०९ पिक्सेल, म्हणजे ७६.४ मायक्रॉन. प्रत्येक कडेत तीन पिक्सेलची शंका, दोन कडांची मिळून (वर्ग करून, बेरीज करून, मूळ काढून) सव्वाचार पिक्सेल, म्हणजे ०.८ टक्के. तिच्यात पट्टीची ०.३ टक्के तशीच मिसळा. एकूण ०.९ टक्के. वहीत लिहा: ७६.४ ± ०.७ मायक्रॉन. ± नंतरचा भाग लिहिला नाही तर मी जर्नल परत करते.

पायरी ४: त्याच केसावर लेसर

बारीक तारेवर लेसर पडला की भिंतीवर उजेड आणि काळोखाची पट्ट्यापट्ट्यांची नक्षी उमटते. बाबिनेच्या तत्त्वाप्रमाणे ही नक्षी तेवढ्याच रुंदीच्या फटीसारखी असते. लागोपाठच्या काळ्या पट्ट्यांमधलं अंतर म्हणजे तरंगलांबी गुणिले भिंतीचं अंतर, भागिले तारेची रुंदी. तार जितकी बारीक, नक्षी तितकी पसरट. जे डोळ्याला दिसत नाही ते भिंतीवर सेंटिमीटरमध्ये येतं, हे मला आजही सुंदर वाटतं.

आधी सुरक्षितता. लेसर एक मिलिवॅटपेक्षा कमी क्षमतेचा, लाल घ्या. स्वस्त हिरव्या पॉइंटरमधून डोळ्याला न दिसणारा अवरक्त प्रकाशही गळतो. लेसर टेबलाला क्लॅम्पने बांधा, किरण डोळ्याच्या उंचीखाली, आणि स्पेक्ट्रोमीटरच्या दुर्बिणीतून लेसरकडे कधीही पाहू नका.

पॉइंटरवर ६५० नॅनोमीटर छापलेलं असतं, पण आत खरं किती ते पाहावं लागतं. त्यासाठी ग्रेटिंग. आपल्या प्रयोगशाळांत सहसा इंचाला १५,००० रेषांची असते, म्हणजे दोन रेषांतलं अंतर १.६९३ मायक्रॉन. हा आकडाही विश्वासावर घेऊ नका. स्पेक्ट्रोमीटरवर सोडियम लॅम्पचा पिवळा प्रकाश घ्या, त्याची सरासरी तरंगलांबी ५८९.३ नॅनोमीटर. निसर्गानेच दिलेली ती पट्टी आहे, नागपुरात आणि दिल्लीत सारखीच. पहिल्या क्रमाचा कोन २० अंश २२ मिनिटांच्या आसपास आला तर ग्रेटिंगवरचा आकडा बरोबर. वेगळा आला तर कोनावरून खरा आकडा काढा. मग तीच ग्रेटिंग लेसरसमोर, भिंतीपासून एक मीटरवर, भिंतीला समांतर. डाव्या-उजव्या पहिल्या ठिपक्यांमधलं अंतर मोजा, साधारण ८३ सेंटिमीटर येईल. त्याच्या निम्म्याला भिंतीच्या अंतराने भागलं की कोनाचा टॅन, त्यावरून साइन, आणि साइन गुणिले रेषांतलं अंतर ही तरंगलांबी. समजा ६५२ ± ३ नॅनोमीटर.

विद्यार्थी कंटाळतात इथे. पण बघा, केसाची रुंदी आता लेसरला टांगली आहे, लेसर ग्रेटिंगला आणि ग्रेटिंग सोडियमच्या अणूला. या साखळीत "पाकिटावर लिहिलं होतं" अशी एकही कडी नाही.

आता केस. जाड तारेची इंग्रजी 'सी'सारखी चौकट वाकवा आणि वरच्या-खालच्या टोकांमधे केस उभा ताणून चिकटवा. ही चौकट स्पेक्ट्रोमीटरच्या गोल फिरणाऱ्या प्रिझम टेबलावर अशी बसवा, की केस टेबलाच्या बरोबर मध्यावर येईल. टेबल का, ते पुढे कळेल. भिंत दोन मीटरवर, तिच्यावर कागद. दिवे बंद करून काळ्या पट्ट्यांचे मध्य पेन्सिलने खुणा करा आणि मग दिवे लावून मोजा. डावीकडच्या पाचव्या काळ्या पट्टीपासून उजवीकडच्या पाचव्यापर्यंत दहा अंतरं एकदम मोजायची, तीच वीस घरांची युक्ती. मधला उजळ पट्टा दुप्पट रुंद असतो, म्हणजे तो दोन अंतरांचा. इथे मोजणीत एकाची चूक हमखास होते.

उदाहरण: दहा अंतरं १८६ ± १.५ मिलिमीटर, भिंत २.००० ± ०.००३ मीटर. रुंदी = १० × ०.६५२ × २ ÷ ०.१८६ = ७०.१ मायक्रॉन. शंका: पट्ट्यांची ०.८ टक्के, तरंगलांबीची ०.५, भिंतीची ०.१५, एकत्र ०.९५ टक्के. म्हणजे ७०.१ ± ०.७. कोन इतका लहान आहे की साइनऐवजी टॅन वापरल्याची चूक ०.१ टक्क्याच्या आसपास राहते.

पायरी ५: उत्तरं जुळली नाहीत तर

मायक्रोस्कोप म्हणतो ७६.४, लेसर म्हणतो ७०.१. फरक ६.३, आणि दोन्हींची शंका मिळून जेमतेम एक. फरक शंकेच्या सहापट आहे, तो योगायोग असणार नाही. इथे बहुतेक जण दोघांची सरासरी काढतात आणि जेवायला जातात. कृपा करून तसं करू नका. या क्षणासाठीच आपण दोन रीती वापरल्या.

आधी साध्या गोष्टी तपासा: फाइलचा आकार, पट्टी कुठल्या ऑब्जेक्टिव्हची, पट्ट्या मोजताना मधला पट्टा. सगळं बरोबर असेल तर मग डोक्यात गृहीत धरलेल्या चित्राकडे या. केस गोल आहे असं आपण न बोलता मानलं होतं. तो बहुधा लंबवर्तुळाकार असतो. स्लाइडवर चपटा केस आपल्या रुंद बाजूवर आडवा पडतो, म्हणून मायक्रोस्कोपला रुंद बाजू दिसते. लेसरसमोर तो ज्या कोनात चिकटवला गेला, त्या कोनातली सावली मिळते.

म्हणूनच प्रिझम टेबल. टेबल फिरवत पट्ट्यांची नक्षी सर्वांत आकुंचित होईल ती जागा शोधा. तिथे केसाची रुंद बाजू समोर असते, तिला शून्य अंश म्हणा. मग ३०, ६० आणि ९० अंशांवर वाचन घ्या. चौकटीचा खांब एखाद्या कोनात आड आला तर विरुद्ध बाजूने घ्या. समजा ७७, ७३.५, ६६ आणि ६२ मायक्रॉन आले. लंबवर्तुळाच्या सावलीचं सूत्र असं: रुंदीचा वर्ग = दोन्ही अक्षांच्या वर्गांची सरासरी + (त्या वर्गांच्या फरकाचा निम्मा × दुप्पट कोनाचा कोसाइन). सूत्र पाहून घाबरू नका, ही सरळ रेषा आहे. स्प्रेडशीटमध्ये एका रकान्यात दुप्पट कोनाचा कोसाइन (१, ०.५, उणे ०.५, उणे १), दुसऱ्यात रुंदीचा वर्ग, आणि रेषा बसवा. अंतःखंड ४८८३, चढ १०४३. बेरजेचं वर्गमूळ ७७.०, वजाबाकीचं ६२.०. हे केसाचे दोन अक्ष.

मॉडेल खरं की नुसतं जुळवलेलं, हे कळायला न वापरलेला एक कोन राखून ठेवा. ४५ अंशांवर दुप्पट कोनाचा कोसाइन शून्य, म्हणजे मॉडेलचं भाकीत ४८८३ चं वर्गमूळ, ६९.९. आता टेबल ४५ वर फिरवा आणि मोजा. शंकेच्या आत आलं तर लंबवर्तुळ मान्य. मायक्रोस्कोपचा ७६.४ सुद्धा आता ७७ शी शंकेच्या आत जुळतो. दोन्ही उपकरणं पहिल्यापासून खरं बोलत होती, आपण त्यांना वेगवेगळे प्रश्न विचारत होतो.

पायरी ६: आता कापूस

कापसावर लेसर फारसा उपयोगी नाही. तंतू पारदर्शक, रिबिनीसारखा चपटा आणि पीळ खाल्लेला, नक्षी पुसट होते. पण केसाने मायक्रोस्कोपची पट्टी आणि कड धरण्याची रीत तपासून दिली आहे, तेवढं पुरे.

नमुना काढताना चिमट्याने दिसेल तो तंतू उचलू नका, लांब आणि देखणा तंतूच हाती येतो. रुई सरकीपासून हाताने सोडवा, छोटा पुंजका करा, मधून कात्रीने अर्धा मिलिमीटरचे तुकडे पाडा, पॅराफिनमध्ये ढवळा. स्लाइड ठरलेल्या पावलांनी सरकवा आणि फोटोच्या मध्यरेषेला जे जे तंतू छेदतील ते सगळे मोजा, वाकडे असले तरी. रुंदी कुठे मोजायची? मध्यरेषा जिथे छेदते तिथेच, पीळ असो वा सपाट. नियम कुठलाही चालेल, पण मोजायला बसण्याआधी वहीत लिहिलेला हवा.

किती तंतू? एका तंतूवर कडांची शंका शंभरात चार पिक्सेल, म्हणजे चार टक्के. तंतू-तंतूंमधला फरक समजा तीन मायक्रॉन, पंधरावर वीस टक्के. तेव्हा भारी लेन्ससाठी पैसे मागू नका, जास्त तंतू मोजा. दोन्ही पिशव्यांतले शंभर-शंभर मोजले तर सरासऱ्यांच्या फरकातली शंका ०.४ मायक्रॉनवर येते आणि एक मायक्रॉनचा फरक ओळखता येतो. पट्टीतली ०.३ टक्के मात्र हजार तंतू मोजूनही कमी होत नाही, ती सगळ्यांत सारखीच बसलेली असते.

आणि शंभर तंतू एकाच बोंडातले असतील तर ते शंभर नव्हेत. एका बोंडातले तंतू भावंडं असतात. वीस झाडांवरून प्रत्येकी पाच घ्या.

फाइलींची नावं दुसऱ्याकडून बदलून घ्या, म्हणजे मोजणाऱ्याला पहिली वेचणी कुठली आणि फरदड कुठली ते कळणार नाही. त्या मुलाला फरदड बारीक निघावी असं मनातून वाटत होतं. त्यात वाईट काही नाही, पण कड धरताना ते बोटांत उतरतं.

पायरी ७: रुंद म्हणजे जाड नव्हे

फरदडीचा तंतू पहिल्या वेचणीपेक्षा रुंद निघाला तर गोंधळू नका. कापसाचा तंतू ही एक पोकळ नळी असते. बोंड पिकताना तिच्या आत सेल्युलोजचे थर चढतात. भरपूर थर चढले की नळी गोलसर राहते. हंगामाच्या शेवटी, थंडी आणि ओलीच्या टंचाईत, थर कमी चढले की वाळताना नळी कोसळून पट्टी होते. परिघ दोन्हींचा सारखाच, समजा ५० मायक्रॉन. गोल राहिली तर रुंदी परिघ भागिले पाय (π), १५.९. पूर्ण चपटी झाली तर परिघाच्या निम्मी, २५. म्हणजे अपक्व, हलका, रंग नीट न धरणारा तंतू वरून दीडपट रुंद दिसू शकतो! ही गोष्ट कळली त्या दिवशी आमच्या विद्यार्थ्याने आपला मूळ प्रश्नच खोडून नव्याने लिहिला: "बारीक की जाड" ऐवजी "भरलेला की पोकळ".

नव्या प्रश्नाला मापही नवं लागतं. तंतूच्या भिंतीचं क्षेत्रफळ गुणिले चार पाय (४π), भागिले परिघाचा वर्ग. पूर्ण भरीव गोल तंतूला उत्तर १, रिकाम्या नळीला शून्याकडे. त्यासाठी आडवा छेद घ्यावा लागतो, ते काम नाजूक आहे. महाविद्यालयात त्यापेक्षा सोपी वाट म्हणजे १८ टक्के कॉस्टिक सोड्यात तंतू फुगवणं: पक्व तंतू पीळ सोडून काडीसारखा गोल होतो, अपक्व चपटाच राहतो. हातमोजे आणि चष्मा घालून, मोठ्यांच्या देखरेखीखालीच करा, सोडा कातडी आणि डोळे जाळतो. मग शंभरात किती काड्या आणि किती पट्ट्या ते मोजा.

बाजारात जो मायक्रोनेअरचा आकडा सांगतात तो तंतूंच्या पुंजक्यातून हवा किती सुटते यावरून काढलेला असतो. त्यात बारीकपणा आणि पक्वता एकत्र मिसळतात, म्हणून कमी आकडा वाणाच्या बारीकपणामुळे की अपक्वतेमुळे, हे त्या एका आकड्यावरून सांगता येत नाही. तुमच्या काड्या-पट्ट्यांची मोजणी नेमकी तिथे उपयोगी पडते.

निकाल लिहिताना एका ओळीत एवढं हवं: दोन्ही गटांची सरासरी रुंदी आणि तिची शंका, तंतू किती आणि झाडं किती, द्रव कुठला, तापमान-आर्द्रता, रुंदी मोजण्याचा नियम, शंभरात पक्व किती. सोबत मूळ फोटो, पट्टीचे सुरुवातीचे आणि शेवटचे फोटो, आणि स्प्रेडशीट. टाकून दिलेले तंतू किती आणि का, तेही. मग स्टेज मायक्रोमीटर लेन्सच्या कागदाने पुसून डबीत ठेवा, आणि कूलर लावा.